पाणी बाधलं म्हणे!

लग्नाला चोवीस वर्षं झाली तोवर माझ्या कातडीनं कधी तक्रार केली नव्हती. नाशिकला असताना मोरीत जो साबण असेल तोच अंगाला आणि तोच तोंडाला. थंडीत थोडं खोबरेल, लग्नकार्याला जरा पावडर आणि टिकली, की संपला शृंगार! मैत्रिणी हेवा करायच्या. तीन वर्षांपूर्वी ह्यांना चाकणच्या कारखान्यात जागा मिळाली, आम्ही मोशीला भाड्याचा फ्लॅट घेतला, आणि दीड वर्षाच्या आत अशी पाळी आली की, साध्या पाण्याचा हबका मारला तरी गालांना मिरची लागल्यासारखं व्हावं. पापण्या सुजाव्यात, मानेला खाज सुटावी, आणि आरशात बघावं तर ही लालबुंद कोण बाई, असा प्रश्न पडावा.

मी एका दिवसात निदान करून टाकलं. इथलं पाणी मला बाधलं!

आता तुम्हीच सांगा, दुसरं काय वाटणार? नाशिककडून मोशीला येताना राजगुरुनगर मागं पडलं की हवेचा रंगच बदलतो. चाकण म्हटलं की माझ्या माहेरी कांद्याचा बाजार आठवायचा, नाहीतर १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेशी झुंजवलेला भुईकोट किल्ला. आज तो संग्रामदुर्ग शोधावा लागतो, आणि कंटेनर मात्र न शोधता समोर येतात. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने इथं सुरू झाले, मागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारे आले. चौकात गाडी अडकली की अर्धा अर्धा तास धूर खात बसायचं. पुढं मोशीला इंद्रायणी ओलांडायची. हीच इंद्रायणी आळंदीला पांढऱ्या फेसानं भरल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत किती वेळा वाचल्या! त्यातून महापालिकेनं २०१९ च्या नोव्हेंबरात एक दिवसाआड पाणी सुरू केलेलं. आमच्या सोसायटीत उरलेली गरज बोअरवेल आणि टँकर भागवतात. ते पाणी इतकं जड की, नळाच्या तोटीला महिन्यात पांढरा थर बसतो आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. मग बाईची कातडी कशी टिकावी?

ह्यांना मी रोज ऐकवू लागले, “आपण परत नाशिकला जाऊ. मला नाही मानवत ही जागा.” हे आधी हसण्यावारी न्यायचे. पुढं पुढं गप्प राहू लागले. निवृत्तीला सहा वर्षं, मुलाचं शिक्षण अर्ध्यावर, आणि बायको म्हणते नोकरी सोडा. शेवटी एका रात्री जेवता जेवता म्हणाले, “मी इथं खोली घेऊन राहतो, तू जा.” चोवीस वर्षांत ह्यांच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. त्या रात्री मला गालांपेक्षा दुसरंच काहीतरी झोंबलं.

त्याआधीचा माझा मूर्खपणाही सांगून टाकते. आमच्या भागातल्या एका औषधाच्या दुकानात जाऊन मी गाल दाखवले. काउंटरवरच्या पोरानं एक ट्यूब पुढं केली. “काकू, चार दिवसांत साफ.” आणि खरंच साफ झालं हो! पंधरा दिवस चेहरा असा नितळ, की जाऊबाईंनी फोनवरच्या फोटोत बघून विचारलं, काय लावतेस? ट्यूब संपली आणि चेहरा दुप्पट पेटला. दुसरी आणली. मग तिसरी. चौथ्या ट्यूबला गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसू लागल्या आणि हनुवटीवर लव वाढली. उन्हात पाच मिनिटं उभं राहवेना.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ती ट्यूब हातात घेतली, चष्मा लावून उलटी केली, आणि मला विचारलं, “ही तांबडी रेघ कसली गं? डॉक्टरांची चिठ्ठी होती का?” चिठ्ठी कुठली असायला! ते स्टेरॉइडचं मलम होतं. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून औषधांच्या ‘एच’ यादीत घातली. तरी ती मिळतात, आणि आपण ती घेतो. योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी ते औषध गुणाचं आहे, पण चेहऱ्याला महिनोन् महिने चोळलं की कातडी कागदासारखी पातळ होते. काकू मला दुसऱ्याच सोमवारी ओढून पिंपरीला घेऊन गेल्या.

त्या आठवड्यात मी तीनदा मोशीहून पिंपरीला गेले. तीन वर्षं इथं राहून ज्या गावाला शिव्या दिल्या ते गाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मोशीहून बसनं भोसरीमार्गे नाशिक फाटा, तिथून मेट्रोनं एकच स्थानक, की आलं संत तुकारामनगर. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय इथंच, त्यामुळं आजूबाजूला डॉक्टरांची आणि औषधांच्या दुकानांची दाटी. आमच्या डॉक्टरबाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला नाही की रागावल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी विचारलं काय, तर “वय किती? पाळी नियमित आहे का? केस रंगवता? टिकली कुठली? घराजवळ मोकळा प्लॉट आहे?” मी पाण्याचं सांगायला तोंड उघडावं आणि त्यांनी दुसराच प्रश्न विचारावा. शेवटी मी म्हटलंच, “अहो, पाणी!” त्या म्हणाल्या, “पाण्याचं बघू. आधी पाठ दाखवा.”

पाठीवर त्यांनी छोट्या छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक चकतीत एकेका संशयिताचा अंश: केसांच्या रंगातलं रसायन, सुवास, निकेल, रबर, चिकट टिकलीच्या डिंकातलं द्रव्य, शिवाय गाजर गवत. ह्याला पॅच टेस्ट म्हणतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, बुधवारी पट्ट्या काढायच्या, शुक्रवारी परत दाखवायचं. भर एप्रिलात पाठ न भिजवता राहणं म्हणजे काय, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

सोमवारी परतताना काकूंनी मला एच. ए. कॉलनीवरून नेलं. जुन्या पिंपरीकरांना हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हे लांबलचक नाव घ्यायला वेळ नाही, ते आपले ‘एच. ए.’ म्हणतात. कारखाना १९५४ चा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभा राहिला आणि १९५५ पासून इथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं. एम. आय. डी. सी. आली १९६२ ला, नगरपालिका १९७० ला आणि महापालिका १९८२ ला. म्हणजे ह्या सगळ्या उद्योगनगरीच्या आधी इथं औषध आलं. झाडी इतकी, की महामार्गाला लागून हे असेल असं वाटत नाही. काकूंच्या सासऱ्यांची नोकरी इथलीच, त्यामुळं त्यांना सांगायला हुरूप. इथल्याच डॉ. तिरुमलाचार यांनी १९६० च्या सुमारास मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून बुरशीवरचं औषध काढलं, हॅमायसिन. त्या जंतूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीच्या मातीवरून! मी चालता चालता थांबले. मी ज्या मातीपाण्याला दोष देत होते तिच्या नावाचं औषध निघालेलं, आणि मला पत्ताच नाही.

बुधवारी पट्ट्या काढल्यावर डॉक्टरबाईंनी थोडा अंदाज दिला आणि एक कागद हातात ठेवला. काय आणायचं यापेक्षा काय थांबवायचं याचीच यादी मोठी! चेहऱ्याला बेसन नाही, मसूर पीठ नाही, लिंबू तर मुळीच नाही. हळद नाही, गुलाबपाणी नाही. दिवाळीच्या उटण्याचं नाव काढू नका. मी म्हटलं, “पण ही तर सगळी घरची, नैसर्गिक!” त्या हसून म्हणाल्या, “खाजकुयलीही नैसर्गिकच आहे.”

दुखऱ्या चेहऱ्याला तीनच गोष्टी पुरतात असं त्यांचं म्हणणं. धुवायला काहीतरी सौम्य, वरून ओलावा धरणारं काहीतरी, आणि उन्हात जाताना झिंक ऑक्साईडचं मलम. तिन्हींना वास नको. तेवढं शोधायला आम्ही रेल्वेच्या पलीकडे पिंपरी कॅम्पात गेलो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेला हा बाजार, इथं मिळत नाही असं काही नाही. पण बिनवासाचा साबण मागितल्यावर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिले. “भाभी, वासच नसेल तर साबण घेणार कोण?” मोगरा, चंदन, लिंबू, गुलाब, दूध-केशर, सगळं काउंटरवर मांडलं. त्या दुकानात वासच वास होता, आणि माझ्या पापण्या तिथंच चुरचुरायला लागल्या.

साबणाची मागची बाजू वाचायला मी तिथं शिकले. ‘टॉयलेट सोप’ लिहिलेल्या वडीवर टी. एफ. एम. म्हणून टक्केवारी असते. ती साबणातल्या स्निग्धांशाची. पहिल्या प्रतीत ती किमान ७६, दुसरीत ७०, तिसरीत ६०. ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर त्याहून खाली जाऊ शकते. जास्त टक्के म्हणजे वडी कमी रखरखीत, हे खरं. पण कितीही झालं तरी साबण तो साबण. आपली कातडी किंचित आंबट स्वभावाची आणि साबण खारट स्वभावाचा, त्यामुळं दुखऱ्या गालाला चांगला साबणही झोंबतो. डॉक्टरबाईंनी लिहिलेली सिंडेटची वडी, म्हणजे साबण नसलेली साबणवडी, शेवटी औषधाच्याच दुकानात मिळाली. दोनशेच्या वर किंमत ऐकून जीव खालीवर झाला. काकू म्हणाल्या, “ट्यूबांना किती घातलेस, ते सांग आधी!” वडी फक्त तोंडाला आणि मानेला वापरायची असल्यानं दोन महिने पुरली. बाकी अंगाला जुनाच साबण, तोही काखा, जांघा आणि पायांपुरता. हातापायांना रोज साबण चोळायची गरज नसते, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं!

ओलावा धरायला महागाचं क्रीम लागेल असं वाटलं होतं. लागलं साधं पांढरं पेट्रोलियम जेली, पैशापासरी. अंघोळ कोमट पाण्यानं, अंग टिपून कोरडं करायचं पण पुरतं नाही, आणि ओलसर असतानाच तीन मिनिटांत लावून टाकायचं. अंगाला बिनसुवासाचं खोबरेल चालतं. मोहरीचं नको. आणि कुठलीही नवी वस्तू आणली की एकदम तोंडाला फासायची नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघायची. आपण साडीचा रंग जातो का ते पदराच्या टोकाला पाणी लावून बघतो ना, तसंच.

शुक्रवारी निकाल. पाठीवर दोन ठिकाणी लाल गांधी उठल्या होत्या. एक सुवासाच्या मिश्रणाची, दुसरी केसांच्या काळ्या रंगातल्या रसायनाची. त्याचं नाव लांब आहे, खोक्यावर पी. पी. डी. असं लिहिलेलं सापडतं. मी म्हटलं, शक्यच नाही! नऊ वर्षं मी तोच रंग लावते, नाशिकपासून. डॉक्टरबाई म्हणाल्या, “म्हणूनच. ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. शरीर ती वस्तू पुन्हा पुन्हा बघून ओळखायला लागतं, आणि एक दिवस दार लावून घेतं. दहा वर्षांनीसुद्धा.” शिवाय पाळी जायच्या वयात कातडीतलं तेल कमी होतं, वरचा थर हलका होतो, मग आत शिरायला वाट सापडते. गंमत म्हणजे रंग लावतो डोक्याला आणि सुजतात पापण्या, कान, मान, कारण तिथली कातडी नाजूक. लग्नसराईत जी काळी मेंदी विकतात तिच्यातही बहुधा हेच रसायन असतं. खऱ्या मेंदीची पूड हिरवट असते आणि ती रंगते तांबूस. काळी मेंदी असं काही झाडावर उगवत नाही.

“आणि पाणी?” मी शेवटचा प्रयत्न केला. पाणी जड आहे, त्यात साबण नीट फेसाळत नाही, आपण जास्त चोळतो आणि त्याची साय अंगावर राहते, एवढा दोष पाण्याचा. उपाय काय, तर साबण कमी. न्हाणीघराच्या नळाला लावायचं एक यंत्र विकायला माणूस आमच्याकडे येऊन गेला होता, आणि मी हप्त्यांचीही चौकशी केली होती. इंग्लंडात इसब असलेल्या ३३६ मुलांवर असल्या पाणी हलकं करणाऱ्या यंत्राचा प्रयोग झाला होता. २०११ साली निकाल आला, की यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या मुलांत फरक पडला नाही. तेवढे हजारो रुपये वाचले.

म्हणजे चोर मोशीचा नव्हताच. तो माझ्याच ट्रंकेतून, माझ्याच हातानं, नाशिकहून आला होता. आणि वरून जी आग लागली ती चिठ्ठीशिवाय घेतलेल्या ट्यूबची.

त्या दिवशी मी काकूंना म्हटलं, चला, चिंचवडगावात जाऊन येऊ. पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या समाधीमंदिरात दुपारची गर्दी नव्हती. दगडी गारवा, खाली नदी. मी बाहेर ओट्यावर बसून राहिले. ह्यांना काय सांगायचं, हा विचार डोक्यात चाललेला. तसं म्हणायला लाजण्यासारखं काही नव्हतं, पण वर्षभर एका माणसाला त्याच्या भाकरीबद्दल अपराधी वाटायला लावलं होतं मी. गुरुजींनी कुंकवाचं बोट पुढं केलं तेव्हा मी हात पुढं केला, त्यांनी काही न विचारता तळहातावर लावलं. बाजारातल्या कुंकवात हल्ली हळदीपेक्षा रंगच जास्त, म्हणून डॉक्टरबाईंनी तेही काही महिने बंद सांगितलं होतं. चिकट टिकलीला माझी ॲलर्जी निघाली नाही, पण कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग दिसायला लागलेल्या बायका पुष्कळ असतात. तो डिंकाचा प्रताप. डाग दिसला त्या दिवशी टिकली काढून टाकावी, मोठी लावून झाकू नये.

बरं व्हायला चार महिने लागले. ट्यूब बंद केल्यावर पहिले तीन आठवडे चेहरा असा उसळला, की मी बाहेर पडले नाही. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले, नाहीतर पाचवी ट्यूब आणली असती. महिनोन् महिने लावलेलं मलम बंद करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यानं. आणि डोळे मिटण्याइतके सुजले, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर उद्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. गोरं करणाऱ्या बिननावाच्या डब्यांबद्दलही बोलायला हवं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना अशा क्रीममुळं मूत्रपिंडाचा विकार जडल्याचं मुंबईच्या के. ई. एम. मध्ये उघडकीला आलं. क्रीममध्ये पारा होता. केस मी आता रंगवत नाही. पहिल्यांदा भाजी आणायला गेले तेव्हा पदर डोक्यावर घेतला होता, आता तोही घेत नाही.

काकूंची भाची चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात जाते. तिचे हात फुटले, तर ती रोज नवं क्रीम घ्यायची. तिला त्याच डॉक्टरबाईंकडे पाठवलं. निघालं काय, तर रबरी हातमोजा. आत सुती मोजे घालून आणि हातमोज्याचा प्रकार बदलून भागलं. कंपनीकडे मागायला ती घाबरत होती. तिला म्हटलं, मागून तर बघ. मिळाले.

पण खरी नवलाई काकांची. भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज पहाटे समोरच्या मोकळ्या प्लॉटभोवती फिरतात. दर पावसाळ्यानंतर त्यांची मान, पापण्या, कोपरांच्या घड्या काळ्या आणि जाड व्हायच्या, खाजेनं रात्र जायची. सगळे म्हणायचे उष्णता. काकू मला घेऊन गेल्या नसत्या तर ते आणखी दहा वर्षं सब्जाच खात बसले असते. त्यांच्या पाठीवर उठलं ते गाजर गवत! पांढऱ्या तुऱ्यांचं, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो ते. भारतात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं १९५५-५६ च्या सुमारास, पुण्यात. अमेरिकेच्या गव्हातून बी आलं असं सांगतात. त्याची धूळ आणि वाळलेले कण हवेतून कातडीवर बसतात. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ सालीच ह्या विकारावर लिहून ठेवलं होतं. आमच्या भागात एक इमारत उठते आणि शेजारचे दोन प्लॉट मोकळे राहतात, तिथं हेच माजतं. एवढ्या कारखान्यांत आम्ही धूर, तेल, पाणी सगळ्यांवर संशय घेतला, आणि गवताकडे कुणी बघितलं नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी हे कारखान्यातून आले, चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत उभे राहिले. नाशिकचा विषय त्यांनी महिनाभर काढला नव्हता. त्या दिवशी काढला. “मग, तिकडं जागा बघायची का?”

मी खाली बोट दाखवलं. प्लॉटभर हिरवी पालवी उठली होती, गाजराच्या पाल्यासारखी.

“आधी रविवारच्या मीटिंगला चला,” मी म्हटलं. “फुलं यायच्या आत हे सगळं उपटायचं ठरवायचंय. आणि हातमोजे तुम्ही आणा, कारखान्यातून. उघड्या हातानं नाही.”